कॅमेरे बंद असू द्या, हजेरी घ्या

पत्र

मॅडम, नमस्कार. मी नागपुरातल्या एका कॉलेजात सात वर्षांपासून तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. वय ३६. मार्च २०२० पासून मोबाइलवरूनच शिकवणं सुरू आहे. वर्गात ७२ मुलं आहेत. लिंकवर ३०-३५ येतात, कॅमेरा एकाचाही सुरू नसतो. "आवाज येतोय का?" हे विचारण्यातच तास संपतो. एप्रिलमध्ये सासरे कोरोनानं गेले. घाटावर फक्त यजमान आणि दीर जाऊ शकले. तेरवीच्या दिवशीही मी तास घेतला, कारण तास नाही तर पैसे नाहीत. तेव्हापासून फोनची रिंग वाजली तरी छातीत धस्स होतं. आठ वर्षांच्या मुलीवर उगाच ओरडते, मग रात्री तिच्याजवळ बसून रडते.

गेल्या आठवड्यात बी.ए. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचा रात्री दीड वाजता मेसेज आला. "मॅडम, बाबा गेले तेव्हापासून कशातच मन नाही लागून राहिलं. पेपर द्यायची इच्छा नाही. मी नसलो तर घरचा एक खर्च तरी कमी होईल." मी झोपले होते. सकाळी वाचला. फोन केला तर लागला नाही. दुपारी त्याचा मेसेज आला, "सॉरी मॅडम, विसरून जा." मला विसरता येत नाही. माझंच मन थाऱ्यावर नाही, मी या मुलांना काय धीर देणार?

— एक प्राध्यापिका, मानेवाडा परिसर, नागपूर (जुलै २०२१)

उत्तर

मॅडम, आपण दोघी एकाच पेशातल्या, म्हणून मीही तुम्हाला मॅडमच म्हणते. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी त्या मुलाबद्दल काय करायचं ते मी कळवलं होतं. हे सदर पंधरवड्यानं येतं, आणि अशा गोष्टीला पंधरा दिवस थांबता येत नाही. तुम्ही त्याच्या मित्राकडून आईचा नंबर मिळवला, त्याच्याशी बोललात. परवा तुमचा दुसरा मेल आला, की तो भंडारा जिल्ह्यात गावी आईसोबत आहे, मामा घरी येऊन राहिले आहेत आणि डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस ठरला आहे. तो मेल वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. तरी ते सगळं इथे पुन्हा लिहिते. यंदा असा मेसेज विदर्भातल्या कितीतरी शिक्षकांच्या फोनवर आला असेल, आणि "पोरगं उदास आहे, होईल ठीक" म्हणून तो मागेही पडला असेल.

"मी नसलो तर खर्च कमी होईल" हे नुसतं उदास मुलाचं बोलणं नाही. आपण घरावर ओझं आहोत असं ज्याला वाटू लागतं, त्याच्याशी लगेच आणि सरळ बोलावं लागतं. आडवळणानं नाही. "अरे असं काही मनात आणू नकोस" असं तर मुळीच नाही, कारण त्यानं मुलाचं तोंड बंद होतं. विचारायचं ते असं: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" हा प्रश्न ओठावर आणायला शिक्षकांना फार भीती वाटते. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल, असं वाटतं. तसं होत नाही. या विषयावर काम करणारे सगळे हेच सांगतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. विचारल्यावर मूल मोकळं होतं. जे कोणालाच सांगता येत नव्हतं ते कुणीतरी स्वतःहून उच्चारलं, याचाच त्याला आधार वाटतो.

तो "हो" म्हणाला तर पुढचं काम तुमचं एकटीचं नाही. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. उलट सांगा, की मी तुझ्या आईला सांगणार आहे, कारण तू मला हवा आहेस. त्या रात्री त्याच्याजवळ घरातलं कुणीतरी झोपलं पाहिजे. आणि शेतकऱ्याच्या घरी हा फोन जात असेल तर एक गोष्ट न विसरता सांगायची: फवारणीचं औषध घरात ठेवू नका, शेजाऱ्याकडे द्या किंवा कुलपात ठेवून किल्ली आईच्या कंबरेला असू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे ते औषध घरात, बाजेखाली, गोठ्याच्या कोनाड्यात असतं. वाईट क्षण येतो, तसा जातोही. तो जाईपर्यंत हाताशी घातक वस्तू नसली, तर माणूस वाचतो.

दिवसा सकाळी ८ ते रात्री ८ मनोदर्पणचा ८४४८४४०६३२ हा नंबर आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं तो जुलै २०२० मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांसाठीच सुरू केला. शिक्षकांसाठीही, हे मुद्दाम सांगते. रात्री जीवावर बेतलं असेल तर १०८. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये मानसोपचार विभाग आहेत, मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मानकापूरचं नाव काढलं की आपल्याकडे लोक आवाज खाली आणतात. मी स्वतः तिथे मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन गेले आहे. बाहेर केस पेपर काढायची रांग असते, डॉक्टर विचारपूस करतात, गोळ्या लिहून देतात, लोक बस पकडून घरी जातात. तापाच्या दवाखान्यात होतं तसंच.

आता तुमच्याकडे येते. रात्री दीडला तुम्ही झोपला होता, ही चूक नाही. पत्रात "मी झोपले होते" हे तुम्ही कबुलीजबाब दिल्यासारखं लिहिलंय, म्हणून सांगते. दिवसभर राबलेली बाई रात्री दीडला झोपलेलीच असायला हवी. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा स्पष्ट लिहा, की रात्री १० ते सकाळी ७ माझा फोन बंद असतो, त्या वेळात जीव घाबरा झाला तर आधी घरातल्या कोणालातरी उठवा, आणि सकाळी सातला मला हक्कानं फोन करा. मुलांना हे कठोर वाटत नाही. मॅडम कधी भेटतात हे नक्की ठाऊक असलं, की त्यांनाही बरं वाटतं.

रिंग वाजली की धस्स होतं, हे लिहिलंत. नागपुरात आज असं होणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यात दिवसाला ७ हजारांच्या वर रुग्ण निघत होते. २३ एप्रिलच्या संध्याकाळी विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूर स्टेशनात आली, ३ टँकर उतरवून बाकीचे घेऊन नाशिककडे निघाली, आणि कितीतरी घरांत लोकांनी ती बातमी देवाची बातमी ऐकावी तशी ऐकली. त्या महिन्यात फोन वाजला की तो बेडसाठी, प्लाझ्मासाठी, रेमडेसिव्हिरसाठी, नाहीतर कुणी गेल्याचं सांगायला. शरीर हे शिकलं. फोन म्हणजे संकट, हे त्यानं पक्कं केलं, आणि जुलै लागला तरी ते विसरलेलं नाही. याचा अर्थ तुमचं मन कमकुवत आहे असा नाही, शरीर अजून पहाऱ्यावर आहे एवढाच. रिंगटोन आजच बदला. एप्रिलमधली ती धून पुन्हा ठेवू नका. धस्स झालं की फोन उचलण्याआधी एक श्वास सावकाश सोडा, घेतला त्यापेक्षा दुप्पट वेळ लावून. लांबवून सोडलेल्या श्वासानं ठोके खाली येतात. हे महिनाभर केलंत तर शरीर हळूहळू पहारा सोडतं.

सासऱ्यांची तेरवी राहिली ती राहिली, पण निरोप द्यायचा राहू देऊ नका. एका रविवारी यजमान, दीर, जावा, मुलं असे घरचेच बसा. त्यांना आवडायचं ते करा, आणि प्रत्येकानं त्यांची एक आठवण सांगा, लहान मुलीनंही. आपल्याकडे तेरवीला मांडव पडतो, लोक येतात, बसतात, तीच ती गोष्ट दहा वेळा सांगतात. त्या दहा वेळा सांगण्यानंच दुःख थोडं हलकं व्हायचं. या वर्षी हजारो घरांतून ते सांगणं राहून गेलंय. मुलीवर ओरडलात तर रात्री रडण्याऐवजी संध्याकाळीच तिला म्हणा, "आज माझं चुकलं, तुझं नाही." आठ वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं.

आणि आता ज्यासाठी एवढं लांब लिहितेय, ते वर्गाचं.

तुम्ही विचारलंत, मी या मुलांना काय धीर देणार. मला वाटतं, धीर देणं हे शिक्षकाचं काम नाहीच. ते आईवडिलांचं, मित्रांचं, गरज पडली तर डॉक्टरांचं. आपलं काम त्याहून साधं आहे आणि दुसरं कोणी ते करू शकत नाही. हजेरी घेणं.

२००४ सालची गोष्ट सांगते. तेव्हा मी मानसशास्त्र शिकवत होते, दहाएक वर्षं झाली होती शिकवायला. वर्धा जिल्ह्यातला एक मुलगा पहिल्या बाकावर बसायचा. मधेच तीन आठवडे दिसला नाही. मी रोज हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल शाईनं 'गै' लिहीत गेले. ७५ टक्क्यांचा नियम होता, महिनाअखेरीला डिफॉल्टर यादी निघाली, तीत त्याचं नाव मीच दिलं. परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं होतं, त्यावर बोटभर केस उगवलेले. वडील गेले होते. कसे, ते मी विचारलं नाही, त्या वर्षांत आपल्याकडे विचारावं लागत नसे. त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, दंड किती भरू?"

त्या लाल 'गै'ची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. मानसशास्त्र शिकवणारी बाई मी. रोज त्या मुलाचं नाव मोठ्यानं घेत होते, उत्तर येत नव्हतं, आणि मी पुढच्या नावाकडे जात होते. दुसऱ्या दिवसापासून मी हजेरीची पद्धत बदलली, ती निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. दोन दिवस सलग उत्तर आलं नाही तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याला विचारायचं. त्याला माहीत नसेल तर फोन लावायचा. बस, एवढंच.

मोबाइलवरच्या वर्गात हजेरी कोणी घेत नाही. सॉफ्टवेअर यादी काढून देतं, ती जोडून ठेवायची की झालं. मुलाचं नाव दीड वर्षात त्याच्या शिक्षकाच्या तोंडून एकदाही ऐकू आलं नाही, असं कितीतरी मुलांचं झालं असेल. मग तो लिंक उघडून, फोन उशाशी ठेवून झोपला, तर त्यात नवल काय?

तुमच्या ७२ मुलांची नावं घ्यायला सात-आठ मिनिटं लागतील. सोमवारी विषम रोल नंबर, बुधवारी सम असं केलंत तर चार मिनिटांत होतं. रोल नंबर म्हणू नका, नाव घ्या. आणि 'प्रेझेंट मॅडम' ऐवजी एका वाक्यात सांगायला लावा की आज घरी काय चाललंय. माइक सुरू होत नसेल तर टाइप करू द्या. पहिल्या दिवशी सगळे 'ठीक आहे मॅडम' म्हणतील. दुसऱ्या आठवड्यात कोणी सांगेल, "मॅडम, आमच्याकडं रोवणी सुरू आहे, बांधीतूनच बोलून राहिलो." कोणी सांगेल, "पाव्हणे आले आहेत, पाहायला." तिथे कान टवकारा. वर्ग बंद पडल्यामुळे किती मुलींची लग्नं लवकर उरकली जात आहेत, हे आपल्याला अशाच एखाद्या वाक्यातून कळेल. कोणी काहीच बोलणार नाही. त्या नावासमोर तुम्ही खूण करा.

खूण केलेल्या सगळ्यांना तुम्ही फोन करायचे नाहीत. हे नीट ऐका, कारण तुम्ही ते अंगावर घ्याल असं मला पत्रावरूनच दिसतंय. वर्गात पाच-सहा मुलंमुली अशी असतातच ज्यांना माणसं जोडता येतात. पहिला नंबर काढणारीच असतील असं नाही. गणपतीची वर्गणी गोळा करणारा, सहलीत सगळ्यांचे डबे उघडायला लावणारी. त्यांच्याकडे बारा-बारा नावं द्या. त्यांनी आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि फक्त विचारायचं, "कुठे आहेस, काय चाललंय, वर्गात का नाही आलास?" सल्ला द्यायचा नाही. काही वेगळं वाटलं तर तुम्हाला कळवायचं. एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोललात तर हे काम त्या मुलांच्या सेवेच्या तासांत धरता येतं का ते पाहता येईल. फोन करणाऱ्या मुलांचाही यात फायदा आहे. दीड वर्ष घरात बसून, आपला कोणाला उपयोग नाही अशा भावनेनं मुलं खचली आहेत. दुसऱ्याची चौकशी करायचं काम मिळालं की त्यांची पाठ ताठ होते.

कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नका. चेहरे दिसले असते तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं, मला कळतं. पण एका खोलीच्या घरात मागे आई भांडी घासते, भाऊ झोपलेला असतो, भिंतीचा रंग उडालेला असतो, आणि हे सत्तर जणांना दाखवायची पोरीची इच्छा नसते. दिवसाच्या दीड जीबीत दोन भावंडांचे वर्ग बसवायचे असतात. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो कामावर जाणाऱ्यासोबत जातो. ज्यांना नेटच नाही त्यांच्यासाठी तासाचं सार दहा मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये टाका, ती रात्री रेंज आली की उतरते.

तुमच्यावरचा भारही थोडा कमी होऊ द्या. कॅमेऱ्यासमोर शिकवून एवढी दमते का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. स्टॅनफोर्डचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी याच वर्षी फेब्रुवारीत त्याची चार कारणं मांडली आहेत: नजरेला नजर भिडलेली फार जवळून आणि फार वेळ राहते, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसतो, हलता येत नाही, आणि समोरच्याच्या हावभावांतून जे आपसूक कळतं ते कळून घ्यायला डोक्याला जादा काम करावं लागतं. तुमच्या बाबतीत तर हावभाव दिसतच नाहीत, नुसत्या काळ्या चौकटी. तेव्हा स्वतःचा चौकोन लपवा. वीस मिनिटं शिकवा, मग कॅमेरा बंद करून, फोन हातात घेऊन घरभर फिरत प्रश्न घ्या. वर्गात आपण फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत किती चालायचो, आठवतं ना?

आणि पैशाचं. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण माझ्या मते तुमच्या ताणाचं मूळ तिथेच आहे. तेरवीच्या दिवशी तास घ्यावा लागतो, ही मनाची समस्या नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या अशा पोखरलेपणाचं, म्हणजे 'बर्नआउट'चं, वर्णन केलं, त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून ते येतं, असं म्हटलंय. म्हणजे श्वासाचे व्यायाम करून सगळं भागणार नाही. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं वर्षानुवर्षं तासाच्या हिशोबानं शिकवतात, सुट्टी म्हणजे बिनपगारी, आजारपण म्हणजे बिनपगारी, आणि तीच माणसं मुलांना सांभाळायचं काम करतात. याचा मला फार राग येतो आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही एवढं करा: घेतलेल्या प्रत्येक ऑनलाइन तासाची तारीख, वेळ आणि हजर मुलांची यादी वहीत लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. महिन्याच्या महिन्याला लेखी द्या आणि पोच घ्या. एकटीनं जाऊ नका, कॉलेजातल्या सगळ्या तासिकावाल्यांनी मिळून जा. आणि घरी यजमानांना खरा आकडा सांगा. दीड वर्षात हातात किती आलं, किती थकलंय, ते कागदावर मांडून. एकटीनं वाहिलेला हिशोब फार जड होतो.

हे सदर मुलंही वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. पोरांनो, पहाटे तीनला झोपून दुपारी बाराला उठणं ही या दीड वर्षाची घराघरातली सवय आहे आणि ती मन काळं करते. झोपायची वेळ धरून ठेवता येत नसेल तर उठायची धरा, रोज सातला, झोप कितीही झाली असो. हळूहळू रात्र आपोआप जागेवर येते. अभ्यासिका बंद आहेत तर मित्राला फोन लावा, दोघांनी आवाज बंद करून एक तास वाचा, मग दहा मिनिटं बोला. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत. १४ मार्चची एमपीएससीची परीक्षा ११ तारखेला पुढे ढकलल्याचं कळलं, तेव्हा मुलं रस्त्यावर आली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन-तीन वर्षं एका तारखेकडे पाहून जगायचं आणि ती तारीखच हलायची, यात कोणीही कोलमडेल. म्हणून या वर्षी तारखेवर स्वतःला टांगू नका. आजच्या दिवसाचं एक पान ठरवा. शेतावर काम असेल तर जा, लाजू नका. चिखलात दिवसभर वाकून रोवणी केलेल्या मुलाला रात्री जी झोप लागते, ती मोबाइल घेऊन पडलेल्याला मिळत नाही. आणि तुमच्या शिक्षकांनाही कधी विचारा, "मॅडम, तुम्ही जेवलात का?" त्यांच्याही घरात माणूस गेलं असेल. त्यांनी ते तुम्हाला सांगितलेलं नसेल.

तुम्हीही सांगितलं नाहीत ना, मॅडम? तेरवीच्या दिवशी तास घेतलात, मागणीचा नियम शिकवलात, आणि वर्गाला काहीच कळलं नाही. पुढच्या तासाला दोन वाक्यं सांगा. "एप्रिलमध्ये माझे सासरे गेले. मलाही अजून जड जातंय." पुढे काही जोडू नका, रडू आलं तर येऊ द्या, आणि मग शिकवायला लागा. ज्या मुलांच्या घरी असंच झालंय त्यांना त्या दिवशी कळेल, की मन जड असतानाही माणूस तास घेतो आणि जड आहे हे सांगूही शकतो.

शेवटी तुमची हजेरी. वर्गाची तुम्ही घ्याल, तुमची कोण घेणार?

लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही पाच निवृत्त शिक्षिकांनी एक साखळी केली. सकाळी साडेसातला पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, पाचवीचा फोन पुन्हा पहिलीकडे. दोन-दोन मिनिटं. चहा झाला का, ताप नाही ना, गोळी घेतली का. यंदा १९ एप्रिलला माझ्याकडे येणारा फोन आला नाही. आठ वाजेपर्यंत आम्हा चौघींना कळलं होतं की तिला श्वास घ्यायला त्रास होतोय. मुलगा बंगळुरात, ती घरात एकटी. दहाच्या आत आम्ही माणूस पाठवला, दुपारी बेड मिळाला. ती वाचली नाही. पण ज्या सकाळी तिला उठवेना, त्या सकाळी तिचा फोन आला नाही म्हणून चार घरांत माणसं उठून उभी राहिली होती. तिचा मुलगा मला अजून तेच म्हणतो, की मावशी, आई एकटी नव्हती.

आता आम्ही चौघी आहोत. पाचवी जागा रिकामी आहे. चौघींनाही विचारलं, सगळ्या हो म्हणाल्या. पत्राखाली तुम्ही नंबर दिलाय. रिंगला तुम्ही दचकता म्हणून आधीच सांगून ठेवते: सोमवारपासून सकाळी साडेसातला जो फोन वाजेल, तो माझा असेल.